लोक काय म्हणतील ते विचारून येणारे चेअरमन

चेअरमन मंगळवारी गेले. सकाळी त्यांनी चहा घेतला, अंगणात खुर्ची टाकली, आणि मी आतून पेपर घेऊन बाहेर येईपर्यंत ते गेलेले होते. केजहून डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं आणि सोडलं.

सभेला विचारल्याशिवाय आयुष्यात एकही गोष्ट न केलेल्या या माणसाने एवढी एक गोष्ट मात्र नोटीस न काढता, सूचक-अनुमोदकाशिवाय करून टाकली. सहकारावर चेअरमनइतका विश्वास असलेला माणूस आमच्या बीड जिल्ह्यात झाला नाही. सहकारात मोठी झालेली माणसं पुष्कळ झाली. कुणाला कारखाना मिळाला, कुणाला बँक, कुणाला आमदारकी. यांना गावची दूध उत्पादक सोसायटी मिळाली, आणि ती मिळाली तेव्हापासून आमच्या भागात दूध कमी आणि दुष्काळ जास्त, असाच हिशेब राहिला. तरी ते खुर्चीवर टिकले, कारण त्यांच्या विरोधात उभं राहायची कुणाला गरज वाटली नाही. ते माझे कोण, हे लोकांनी आपापल्या परीने ठरवलं आहे. कुणी दोस्त म्हणतं, कुणी जोडीदार, कुणी नुसतंच 'चेअरमनचे सर' म्हणतं. माझं त्यांच्यावर प्रेम होतं आणि त्यांचं माझ्यावर, एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

चेअरमनना चहाचा दुसरा कप एकट्याने मागता यायचा नाही. "आणखी एकेक कप व्हावा, असं मी सुचवतो," असं म्हणून ते इकडेतिकडे पाहत, आणि कुणी 'अनुमोदन' म्हटल्याशिवाय कप पुढे सरकवत नसत. हॉटेलात आम्ही दोघंच असलो आणि मी मुद्दाम गप्प राहिलो, तर शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाकडे ते अनुमोदन मागत, आणि तो माणूस ते देतही असे. एकदा केजच्या स्टँडवर शेअर जीप भरेना. उन्हात सगळे खोळंबलेले. चेअरमननी आत बसल्या बसल्याच सभा घेतली. आहे त्या सीटांवर गाडी हलवावी, हा ठराव एकमताने मंजूर झाला. जीपवाला बाहेर विडी ओढत होता. तो म्हणाला, "चेअरमन, ठराव पास झाला हे बेस झालं. पर डिझेलचं मत घ्यायचं ऱ्हायलं की." लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, चेअरमन दुधाची डिग्री, म्हणजे त्यात पाणी किती ते, बघायची काचेची नळी ठेवत. जे जे पातळ दिसेल त्यात ती बुडवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लग्नातला मठ्ठा, पाहुण्याघरचा चहा, आणि एकदा तर सत्यनारायणाचं तीर्थ त्यांनी तपासलं आणि भटजींना "पाणी बरोबर हाय" असा निर्वाळा दिला. कुणाच्या मयतीला गेले की तिथल्या तिथे दुखवट्याचा ठराव मांडून सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं करत. त्या दोन मिनिटांसाठी घरच्या बायकांना रडणं थांबवावं लागे. पुढे पुढे बायका म्हणू लागल्या की चेअरमन येऊन गेले की जरा डोळ्याला आराम पडतो.

आमची ओळख पुस्तकांच्या खोलीत झाली. मी केजच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो, चाळिशी ओलांडलेली, एका भाड्याच्या खोलीत राहणारा. ते पन्नाशीला टेकलेले. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. त्यांनी घरच्यांना 'विषय पुढील सभेत' असं सांगून, मी काहीच न सांगून. ते सहकारी संस्थांच्या उपविधीचं पुस्तक मागायला आले. मी दिलं. पंधरवड्याने परत आणून देताना त्यांनी विचारलं, "याचा दुसरा भाग हाय का? गोष्ट अर्धीच वाटती." मी कमी हसतो, त्या दिवशी हसलो. मग ते दर शनिवारी येऊ लागले. समोर कुठलंही पुस्तक उघडून ठेवायचे आणि त्यावर हात ठेवून झोपायचे. पुढे मी रविवारी जीपने त्यांच्या गावी जाऊन सोसायटीच्या सभांचा वृत्तान्त लिहून देऊ लागलो, कारण त्यांना सभा घेता यायची, लिहिता यायची नाही. आमच्यात काय आहे ते दोघांनाही लवकर कळलं. एकदा सोसायटीच्या ओट्यावर बसून ते म्हणाले, "सर, याला आपल्या भागात नीट शब्द न्हाई. जे हायेत त्या शिव्या हायेत. शब्द न्हाई म्हणून ठराव लिहिता यीना." एवढं बोलून त्यांनी माझ्या चहात नळी बुडवून पाहिली.

पिच्चरचं खूळ पुण्याहून आलं. दुग्धव्यवसायाच्या प्रशिक्षणाला म्हणून ते गेले होते. दुपारी व्याख्यानात पंखा बंद पडला तेव्हा शेजारच्या इमारतीत गार हवा आहे असं कुणीतरी सांगितलं, आणि चेअरमन तिकडे जाऊन बसले. तिथे परदेशातला कुठलातरी पिच्चर चालू होता. बर्फाचा मुलूख, दोन उतारवयाचे पुरुष, एक म्हातारं कुत्रं. परत आले ते सरळ माझ्या खोलीवर. "एक शब्द कळला न्हाई सर," ते म्हणाले, "पर सगळं कळलं. ते दोघं एकमेकाला वाढतेत, भांडतेत, औषध देतेत. तेवढंच हाय त्यात. मी रडलो बे." मला त्यांनी 'बे' म्हटलेलं ते पहिलंच. मग घसा साफ करून म्हणाले, "असा पिच्चर आपल्याकडं व्हायला पायजे. सहकारी तत्त्वावर."

तसा तो झालाही, आणि त्याला कारण दुष्काळ. त्या वर्षी सोसायटीत दूध येणं बंद झालं. कॅन उपडे पडले. सोसायटीच्या पटांगणावर जनावरांची चारा छावणी उघडली. लोकांनी गाई, म्हशी, बैल आणून रांगेने बांधले आणि स्वतःही त्यांच्याशेजारी बाज टाकून राहू लागले. सकाळी उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं वाटून झालं की पुरुषांना दिवसभर काही काम नसे. चेअरमननी रांगा पाहिल्या आणि त्यांना कथा सापडली. दोन माणसं, दोघंही पन्नाशीचे. एकाची म्हैस, दुसऱ्याचे बैल, शेजारी शेजारी बांधलेले. आधी उसाच्या पेंढीवरून भांडण, मग चहा, मग एकाच्या तापात दुसऱ्याने कपाळावर ठेवलेली ओली घडी, मग प्रेम. शेवटी छावणी उठते आणि दोघं एका घरात राहायला जातात. ज्याने ज्याने पिच्चरला काही दिलं, बैल, बाज, भाकरी किंवा नुसती उभं राहायला सावली, तो पिच्चरचा सभासद. "दिग्दर्शक मी," चेअरमननी जाहीर केलं, "पर मालक सभा."

कॅमेऱ्याला रशीदभाई मिळाले. ते केजचे लग्नाचे व्हिडिओवाले. पाणी नाही म्हणून तालुक्यातली लग्नं पुढे ढकललेली, त्यामुळे ते रिकामे होते. पंचवीस वर्षांच्या सवयीने त्यांना कुठल्याही दोन माणसांना उजवीकडे-डावीकडे उभं केल्याशिवाय राहवत नसे. कुणी कुणाच्या हातात काही दिलं की त्यांचा कॅमेरा आपोआप हातांवर जाई. कथा ऐकून ते म्हणाले, "चेअरमनसाब, ये तो लगीनच हाय ना. फक्त मंडप न्हाई. जमतंय की." बैलवाल्याचं काम आप्पाला दिलं. आप्पा मेंढपाळ घरातला. मेंढरं थोरल्या पुतण्याकडे देऊन स्वतः बैलांसोबत छावणीत आलेला. म्हैसवाल्याचं काम एसटीतून निवृत्त झालेल्या ड्रायव्हरला. चेअरमननी दोघांना बसवून स्पष्ट सांगितलं की हे दोघं एकमेकावर प्रेम करतात, दोस्तीच्या पुढचं.

आप्पाने तंबाखू मळता मळता विचारलं, "पुढचं म्हंजी किती पुढचं?"

"एका घरात ऱ्हाण्याइतकं."

"मंग ठीक हाय. मला वाटलं नाचावं लागतंय."

ड्रायव्हरची अडचण वेगळी होती. कुठलंही वाक्य म्हणण्याआधी ते उजवीकडे मान वळवून आरसा बघत. त्यावर उपाय म्हणून रशीदभाई आरशाच्या जागी उभे राहू लागले. पण "तुम्ही नसलात की मला करमत नाही" हे वाक्य काही केल्या त्यांच्या तोंडातून निघेना. "बायकोला बी कधी म्हणलो न्हाई बे," ते वैतागून म्हणाले, "ह्या आप्प्याला कसं म्हणू?" ते वाक्य तसंच राहिलं. मध्येच आप्पाच्या पुतण्याचा निरोप आला, मेंढरं आजारी पडली म्हणून, आणि आप्पा सिरसाळ्याकडे निघून गेला. काही दिवसांनी परतला तेव्हा आम्ही म्हशीला पाणी दाखवायचा साधा प्रसंग घेत होतो. ड्रायव्हरने त्याला येताना पाहिलं, बादली खाली ठेवली आणि आरसा न बघता म्हणाले, "कुठं गेलतास बे? काहून सांगून गेला न्हाईस? करमंना की इथं." आप्पा म्हणाला, "आलो की आता." रशीदभाईंचा कॅमेरा चालू होता. चेअरमननी 'कट' म्हणायच्या जागी 'मंजूर' म्हटलं.

त्याच महिन्यात माझ्या घरमालकाने मुलाच्या लग्नासाठी खोली मागितली. लातूरला माझी बहीण असते. तिने खोली बघून ठेवली, आमच्या शिक्षणसंस्थेची तिथे शाखा होती, बदली सहज मिळाली असती. चेअरमन म्हणाले, माझ्या घरी या. इथून जीपने शाळा करा. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी लगेच नाही म्हणालो. आपण सगळेच जे म्हणतो ते मीही म्हणालो, "लोक काय म्हणतील?"

"बरोबर हाय," चेअरमन म्हणाले, "विचारू की."

मला वाटलं ते चेष्टा करत आहेत. पण उभ्या महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या लोकांनी ज्या प्रश्नाच्या भीतीने जन्म काढले, तो प्रश्न लोकांना खरोखर विचारता येतो असं या एका माणसाला वाटलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. विषय एकच: पिच्चरचा शेवट. त्या दोघांनी एका घरात राहायला जावं की नाही. मी त्यांना म्हणालो, "चेअरमन, तुम्ही माझं घर मताला टाकलंत." ते म्हणाले, "आपलं. आणि मताला टाकल्याबिगर ते आपलं व्हत न्हाई सर. कोपऱ्यात ऱ्हाता येतं, गावात ऱ्हाता येत न्हाई." विरोधात गेलं तर? मी विचारलं. विरोधात गेलं तर तुम्ही लातूरला जाल आणि मी शनिवारी येईन, असं म्हणून ते उठून म्हशींच्या रांगेकडे गेले. त्यांची चाल त्या दिवशी मला म्हातारी वाटली.

त्यांचे थोरले बंधू पंचायत समितीचे सदस्य होते. चाळीस एकर, दोन बोअर, एक जीप. गाव त्यांना दादा म्हणे. नोटीस वाचून ते छावणीत आले आणि उभ्या उभ्याच बोलले. "तू चेअरमन हायस का तमासगीर हायस? लोक हसायलेत."

"हसू द्या की दादा. दुष्काळात हसायलेत हे काय कमी हाय?"

"त्यातला एक मारून टाक शेवटी. न्हाई तर लेकरबाळाकडं धाड. बोध तरी ऱ्हाईल पिच्चरला." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता ते म्हणाले, "सर, तुमी शिकलेले. तुमी केजातच बरे हाव." जाताना ते सांगून गेले की सभेला आपण माणसं घेऊन येणार.

सभेच्या दिवशी सोसायटीची खोली भरली. दुपारचे चार. चेअरमननी घंटी वाजवली, मागील वृत्तान्त वाचायला मी उभा राहिलो, आणि बाहेर कुणीतरी ओरडलं की टँकर आला. एरवी सकाळी येणारा टँकर त्या दिवशी वाटेत बंद पडून चारला आला होता. पाच मिनिटांत खोली रिकामी झाली. टँकरपुढे सर्वसाधारण सभाच काय, लोकसभाही टिकली नसती. उरले दादा आणि त्यांची माणसं, ज्यांना टँकरची गरज नव्हती, कारण सगळ्यांच्या शेतात बोअर होत्या. नियम असा आहे की पुरेसे सभासद नसले तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी, जे हजर असतील त्यांच्यात, पुढे चालवायची. तो नियम चेअरमननीच मला पहिल्यांदा शिकवला होता. दादांनाही तो ठाऊक होता. ते घड्याळ काढून बसले.

मी चेअरमनकडे पाहत होतो. या माणसाने उपविधीचा एक स्वल्पविराम कधी मोडला नव्हता. ते खूप वेळ नळीशी चाळा करत राहिले, मग उठले, घंटी उचलली आणि दाराकडे निघाले.

"कुठं चाललास?" दादा म्हणाले. "सभा हितंच घ्यावी लागती. नियम हाय."

"हाय नियम. पर सभासद तिकडं हायेत."

"हे कशात बसतं?"

"कशातच बसत न्हाई, दादा," चेअरमन म्हणाले आणि बाहेर पडले. मी वही घेऊन त्यांच्या मागे, दादा आणि त्यांची माणसं आमच्या मागे.

टँकरपाशी बायकांची रांग होती. सोसायटीच्या कागदावर निम्म्याहून जास्त सभासद बायकाच होत्या, कारण म्हशीचं कर्ज त्यांच्या नावावर लवकर मिळे. सभेला मात्र त्यांचे नवरे येत. खरे सभासद एकत्र उभे असलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. चेअरमन टँकरच्या पायरीवर चढले, घंटी वाजवली आणि पाइपाच्या आवाजावर आवाज काढून विषय वाचला. छावणी उठल्यावर हे दोघं एका घरात राहायला जातात, सभेला मान्य आहे का. पाणी पडत राहिलं. मग ते थोडं हळू म्हणाले, "आणि मी नुसतं पिच्चरपुरतं विचारत न्हाई. तुमाला ठाव हाय."

सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

रांगेत पुढून तिसऱ्या सरूआक्का होत्या, चेअरमनच्या शेजारच्या. कमरेला घागर, डोक्यावर पदर, आणि तोंड असं की सरपंचसुद्धा त्यांच्या दारावरून गाडी सावकाश नेई. त्या म्हणाल्या, "ते समदं ऱ्हाऊ द्या. पाणी कोण भरील?"

"म्हंजी?" चेअरमन म्हणाले.

"दोन बाप्ये एका घरात. टँकर आला की घागर घिऊन कोण यील? तुमाला तर ह्या वयात बी सोसायटीची बादली उचलंना. का शेजारणीनं भरायचं तुमचं? आज पाणी, उंद्या भाकरी, परवा भांडी. दोन बाप्ये ऱ्हातेत आणि चार बायका मरतेत, असं व्हायचं हे."

रांगेतून "खरं हाय" असं पुटपुटणं आलं. दोन पिढ्यांचे प्रश्न चेअरमननी सभेत झेलले होते, पण हा प्रश्न कुठल्याच उपविधीत नव्हता. त्यांनी खिशातली नळी काढली आणि परत ठेवली. दादांच्या माणसांपैकी कुणीतरी हसलं.

मी इतकी वर्षं त्या सोसायटीच्या सभा लिहिल्या, एकाही सभेत स्वतःचं असं काही बोललो नव्हतो. मी म्हणालो, "मी भरीन."

सरूआक्कांनी मला वरून खाली पाहिलं. "सर, घागर उचलती का तुमाला?"

"शिकीन."

"मंग माझं अनुमोदन हाय," त्या म्हणाल्या. "सूचक कोण हाय ते तुमचं तुमी बघा."

चेअरमननी हात वर करायला सांगितलं. तिथेच घोटाळा झाला. ज्यांना हात वर करायचे त्यांच्या हातांत घागरी होत्या, आणि घागर खाली ठेवली की रांगेतला नंबर जातो. दादांच्या माणसांचे हात मोकळे होते, ते भराभर वर गेले. बायकांतल्या काहींनी रिकाम्या कळश्या उंच धरल्या, काहींनी मानेने होकार दिला, काही दुसरीकडेच पाहत राहिल्या. आप्पाने दोन्ही हात वर केले आणि एक चेअरमननी नामंजूर केला. मोजायला मी सुरुवात केली, तोच टँकरचा पाइप निसटला. पाणी वाया जातंय म्हटल्यावर अनुकूल-प्रतिकूल सगळे एकदम धावले. दादासुद्धा धावले, आणि त्यांनीच पाइप घट्ट धरून ठेवला, धोतर भिजेपर्यंत. मोजणी झाली नाही. ओल्या टोपीने चेअरमन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "लिवा, चर्चा झाली."

निकाल लागला नाही म्हणून मी पुढचे दोन दिवस केजला पुस्तकं बांधत राहिलो. ती कुठे न्यायची हे ठरलेलं नव्हतं. रविवारी सकाळी मी जीपने गावात आलो, चेअरमनच्या स्वयंपाकघरातून घागर घेतली आणि टँकरच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिलो. पुढच्या बायका आपसात कुजबुजल्या आणि थांबल्या. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी येत होती. रांग हलली तरी मी जागचा हललो नाही, कारण हलावं की नाही हे मला कळत नव्हतं. मागून एका बाईने, मी तिला ओळखतही नव्हतो, वैतागून म्हटलं, "सर, पुढं सरका की. लाईन थांबली."

मी पुढे सरकलो. सभेचा निर्णय म्हणून मी तोच धरतो. त्या संध्याकाळी पुस्तकं गावात आली.

पिच्चरचा शेवटही मग तोच झाला. छावणी उठली, ड्रायव्हर आप्पाच्या घराची घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभे आहेत आणि रांग सरकते आहे. रशीदभाईंनी सवयीने त्या दृश्याच्या कडेने गुलाबाच्या पाकळ्यांची चौकट टाकली होती. मी ती काढायला सांगणार होतो. चेअरमन म्हणाले, राहू द्या, फुलं कुठंतरी असू द्या या वर्षी. सोसायटीच्या खोलीत खिडक्यांना पोती लावून भर दुपारी पहिला खेळ केला. लोकांनी पडद्यावर आधी आपापली जनावरं ओळखली, मग माणसं. "करमंना की इथं" या वाक्याला सगळे हसले आणि हसता हसता गप्प झाले. ड्रायव्हरच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने उजवीकडे पाहिलं. दादा सबंध वेळ दारात उभे होते. संपल्यावर म्हणाले, "आवाज नीट आला न्हाई," आणि गेले. त्यानंतर त्या विषयावर ते कधीच बोलले नाहीत, विरोधातही नाही आणि बाजूनेही नाही.

पुण्याच्या एका छोट्या महोत्सवात आमचा पिच्चर घेतला. दाखवून झाल्यावर दिग्दर्शकाने दोन शब्द बोलावेत म्हणून चेअरमनच्या हातात माइक दिला. त्यांनी सर्व मान्यवरांचं स्वागत केलं आणि मागील सभेचा वृत्तान्त वाचून कायम करून घेतला. सभागृहाने तो कायम केला. तिथून आमचं नाव कुठे कुठे पोचलं कुणास ठाऊक, पण मधूनमधून माणसं येऊ लागली. एकदा उमापूरकडचे दोघं आले. एक किराणा दुकानवाला, एक शेतकरी, दोघंही केस पांढरे व्हायला लागलेले. फक्त पिच्चर बघायचा म्हणाले. चेअरमननी लावून दिला. ते दोघं एका बाजेवर दोन टोकांना बसून बघत राहिले. चहा घेतला, दुसऱ्या कपाला दोघांनीही अनुमोदन दिलं. निघताना शेतकऱ्याने चपला घालता घालता, आमच्याकडे न बघता म्हटलं, "आमच्याकडं बी टँकर येतो." चेअरमन त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले.

मग चांगली वर्षं आली. दूध परत आलं, थोडं का होईना. आमचं भांडण झालं की ते 'विषय तहकूब' म्हणत आणि अर्ध्या तासाने येऊन तोच विषय पुढे चालवत. मी वाचत असलो की ते शेजारी पुस्तकावर हात ठेवून झोपत. त्यांना साखर झाली तेव्हा दुसऱ्या कपाला मी अनुमोदन देणं बंद केलं, आणि ते खिडकीतून सरूआक्कांकडे मागू लागले. घागर मला शेवटपर्यंत नीट उचलता आली नाही. निम्मं पाणी वाटेतच सांडे, आणि आक्का म्हणत की सर रस्त्याला सडा घालतेत.

दहाव्याला दादा आले. आता त्यांना काठी लागते. ते अंगणात बराच वेळ बसले, चेअरमनच्या खुर्चीत नाही, ओट्यावर. मग म्हणाले, "सर, आता लातूरला जाणार?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "घराचं कौल फुटलंय मागच्या अंगाला. माणूस धाडतो." दुसऱ्या दिवशी माणूस आला आणि कौल बदलून गेला.

चेअरमन नाहीत. घर आहे, मी त्यात राहतो. एक म्हैस आहे. तिची धार आक्कांची सून काढते आणि दूध मी रोज सकाळी सोसायटीत नेऊन घालतो.